‘बोंब’च्या तीन कॅसेटी आणि माझे कान

साकीनाक्याच्या एका गाळ्यात बसून मी अकरा वर्षं पगार घेऊन ऐकलं. ऐकणं हेच माझं काम. हुद्दा ‘तपासनीस’ असा होता, पण लग्नाच्या बोलण्यांत मुलाकडच्यांना त्या शब्दाचा उलगडा व्हायचा नाही. मग माझे बाबा त्यांना आमच्या मालवणीत समजावून सांगायचे, “चेडू दिवसभर गाणी आयकता आणि त्याचो पगार घेता.” मुलाकडचे चहा संपवून निघायचे. अशी सून घरात आणली तर ती भाकऱ्या थापताना काय काय मागेल, या विचाराने ते धास्तावत असावेत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गिरण्यांच्या संपात बाबांचं काम सुटलं, ते नाहूरला घरी बसले आणि मी बाहेर पडले. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराचा एक गाळा. डावीकडे स्क्रू बनायचे, उजवीकडे प्लास्टिकच्या बादल्या, आणि मध्ये आम्ही कॅसेटी भरायचो.

भरायचो म्हणजे काय, तर गाणं आमच्याकडे गायलं जात नसे. ते कुठल्या तरी स्टुडिओत व्हायचं. आमच्याकडे यायची ती मूळ टेप, तिला आम्ही मास्टर म्हणायचो. ती एका यंत्रात लावायची, त्याला जोडलेल्या दहा यंत्रांत कोऱ्या कॅसेटी घालायच्या आणि एकदम दहा नकला काढायच्या. वेळ वाचवायला हे सगळं दुप्पट वेगाने चाले. त्यामुळे आमच्या गाळ्यात आरत्या, पाळणे, लावण्या, सगळं चिमण्यांनी गायल्यासारखं ऐकू यायचं. नवीन कामाला लागलेली बाई पहिला आठवडा नुसती हसायची. दुसऱ्या आठवड्यात तिला चिमण्यांचे शब्द कळायला लागायचे, आणि मग ती आमची व्हायची.

भरलेल्या मालातली एकेक कॅसेट तपासायला माझ्या टेबलावर यायची. कानांवर हेडफोन, पुढ्यात वही आणि दोन शिक्के, ‘योग्य’ आणि ‘सदोष’. खरखर आहे का, मागे घूं वाजतंय का, आवाज मध्येच बुडतो का, हे मी बघायची. टेप ताणली गेली असेल तर सूर पाण्यावरच्या होडीसारखा डुलतो, तेही लगेच कानाला लागायचं. एकदा एका आरतीत मला मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. स्टुडिओवाले मानायला तयार नव्हते. मी म्हटलं, “तीन शिट्ट्या आहेत, मोजा.” तीनच निघाल्या. त्या दिवसापासून आमचे मालक दळवीसाहेब माझ्याशी बोलताना आवाज उतरवून बोलायला लागले.

दळवीसाहेब बुटके, पांढरी सफारी घालणारे आणि अतिशय देवभोळे. आमच्या मालात देवच जास्त असल्याने त्यांना ते सोयीचंही होतं. सदोष माल चुकून बाजारात गेला तर देव कोपेल आणि व्यापारीही, अशी त्यांना दुहेरी भीती. नुसत्या शिक्क्याने भागत नसे, कारण लेबलं गळून पडायची. म्हणून मी एक युक्ती काढली. सदोष कॅसेटच्या सुरुवातीलाच माइकवरून माझ्या आवाजात भरून टाकायचं, “हा माल सदोष आहे. कृपया वाजवू नये. वाजवल्यास आमची जबाबदारी नाही.” साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी मला त्यासाठी वेगळा माइक आणून दिला.

एके दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, “सुलभा, चार पोरांची ऑर्डर आहे. दोनशे कॅसेटी. इंग्लिश पद्धतीचं आहे, पण मराठीत आहे. काय ते तूच बघ.”

मास्टरवरून नमुन्याची एक कॅसेट काढून घेतली आणि मी हेडफोन लावले. एक मुलगा “एक, दोन, तीन” म्हणाला आणि चौघांनी चार वेगवेगळ्या वेळी सुरुवात केली. पहिल्या गाण्यात दोनच शब्द होते, “रॉकेल नाही!” ते दीड मिनिट चाललं. दुसरं गाणं पोस्टातल्या खिडकीवर होतं, त्यात खिडकी हा एकच शब्द. तिसरं कशावर होतं ते तीनदा ऐकूनही कळलं नाही. मी वही उघडली आणि लिहायला बसले. जेवणाची सुट्टी होईपर्यंत एक्केचाळीस दोष झाले. सर्व वाद्ये एकत्र सुरू होत नाहीत. गायक रागावलेला आहे, कारण समजत नाही. गिटारची एक तार बहुधा नाही. येथे कोणीतरी शिंकले आहे. ढोलवाला गाणे संपल्यावरही थांबत नाही. आणि शेवटचा, एक्केचाळिसावा, सूर सर्वत्र डुलतो, टेप ताणली असावी.

मी नमुन्याच्या कॅसेटीत माझा आवाज भरला, शिक्का मारला आणि त्या पोरांना बोलावून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गायक आला. मिलिंद त्याचं नाव. घाटकोपरच्या एका टायपिंगच्या क्लासात तो शिकवायचा. केसांना तेल, सरळ भांग, खिशाला दोन पेनं, आणि उजव्या कानाच्या पाळीत चक्क सेफ्टीपिन.

“बटण तुटलं का?” मी विचारलं.

“नाही ताई, फॅशन आहे. क्लासात काढून ठेवतो.”

मी यादी त्याच्या पुढ्यात सरकवली. तो वाचत गेला आणि त्याचा चेहरा उजळत गेला.

“ताई, हे सगळं तसंच आहे.”

“तसंच म्हणजे?”

“मुद्दाम. ह्याला पंक म्हणतात. वाजवता येत नसलं तरी वाजवायचं. राग आला की ओरडायचं. सुरात कशाला बसवायचं?”

“आणि शिंक?”

“ती जनूची. ड्रमवाला आमचा. ती आम्ही ठेवली.”

“आणि सूर डुलतो तो?”

मिलिंद छाती पुढे काढून म्हणाला, “त्यालाच तर सगळ्यात जास्त मेहनत लागली.”

मग त्याने सांगितलं. त्याचा मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने परदेशातून एक कॅसेट आणली होती, कव्हर नाही, नाव नाही. ती ऐकून या चौघांनी बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘बोंब’. मिलिंद गायचा, जनू ड्रम बडवायचा आणि बोरिवलीचे दोन सख्खे भाऊ गिटार वाजवायचे. त्या भावांची नावं मला आजही सांगता येणार नाहीत, कारण ते कुणाशीच बोलत नसत, आपसातही नाही.

“ही यादी मी घेऊ का?” मिलिंदने विचारलं. “आमच्याबद्दल एवढं कोणी कधी लिहिलं नव्हतं, ताई.”

मी दिली. दळवीसाहेब म्हणाले, “गिऱ्हाइकाला चालतंय ना? मग भरून टाका.” आणि माल भरला गेला, दोनशेच्या दोनशे, आणि आता तपासायचं काय म्हणून माझ्या टेबलावर न येता त्याच संध्याकाळी रवानाही झाला.

चूक माझ्या लक्षात आली ती दुसऱ्या दिवशी, टेबलावरचा सदोष नमुना दिसेना तेव्हा. तो मशिनवर होता. मशिनवाल्या शिंदेकाकांनी मास्टर समजून तोच लावला होता.

“काका, मास्टर आणि नमुना ओळखता नाही आला?”

“दोन्ही मधूनच लावून ऐकले ग,” काका म्हणाले. “दोन्ही सारखेच घाण वाजत होते.”

म्हणजे दोनशे कॅसेटींच्या सुरुवातीला मी सांगत होते की हा माल सदोष आहे, आणि कव्हरवर मागे आमच्या गाळ्याचा पत्ता. दळवीसाहेबांचा चेहरा सफारीसारखा पांढरा झाला. त्याच महिन्यात एक मोठा भजनांचा व्यापारी आमच्याकडे यायचा होता. त्याच्या कानावर हे गेलं तर वाट लागली.

“रविवारी त्यांचा कार्यक्रम आहे घाटकोपरला,” साहेब म्हणाले. “तू जा. माफी माग आणि सगळ्या कॅसेटी परत घेऊन ये. नाही आणल्यास तर सोमवारी तूही येऊ नकोस.”

घरात माझ्या एकटीचा पगार. मी शनिवारी जेवले नाही. रविवारी सकाळी दोन मोठ्या पिशव्या घेतल्या, बाबांना सोबत घेतलं आणि निघाले.

कार्यक्रम एका लग्नाच्या हॉलमध्ये होता. अकरानंतर तिथे साखरपुडा होता म्हणून पोरांना नऊ ते अकरा हॉल मिळाला होता. आत चाळीसेक पोरं, काही मुली, आणि वेळेआधी येऊन बसलेल्या, नवऱ्याकडच्या दोन म्हाताऱ्या. भिंतीवर फुलांच्या माळांत ‘शुभमंगल’ लिहिलेलं आणि त्याच्याखाली ‘बोंब’ दणादण वाजत होती. जनू ड्रम असे बडवत होता की पुढच्या पाटावरची सुपारी उड्या मारत होती.

बाबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “गो, ह्ये कोणाक मारतत की काय?”

तेवढ्यात मिलिंदने मला पाहिलं. त्याने हात वर करून गाणं थांबवलं. जनू सोडून सगळे थांबले.

“ताई आल्या!” मिलिंद माइकवर ओरडला. “ह्याच त्या ताई!”

आणि चाळीस पोरं एका आवाजात म्हणाली, “हा माल सदोष आहे! कृपया वाजवू नये! वाजवल्यास आमची जबाबदारी नाही!”

कोणी तरी माझ्या हातात कॅसेट दिली. कव्हर उघडून बघते तर आत माझी यादी, माझ्याच अक्षरात, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, फोटो काढून छापलेली. पोरांनी मला धरून स्टेजवर नेलं. मी पिशव्या घट्ट धरल्या, सोमवार आठवला आणि माइकवर बोलले, “तुमच्या कॅसेटीत आमच्याकडून चूक झाली आहे. कृपया सगळ्यांनी परत करा.”

मग टाळ्यांचा कडकडाट.

“परत करा!” मागून एक पोरगा ओरडला.

“परत करा! परत करा!” सगळे नाचायला लागले. बोरिवलीच्या भावांनी गिटार सुरू केल्या, जनू तर थांबलाच नव्हता.

“अहो, खरंच परत करा,” मी म्हणाले.

“अहो! खरंच!” चाळीस जण.

जितकी मी विनवणी करत होते तितकं ते गाणं रंगत होतं. सात मिनिटं मी त्या स्टेजवर होते. दोन्ही पिशव्या रिकाम्या घेऊन उतरले तेव्हा बाबा नवऱ्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगत होते, “आमची मोठी चेडू ती. पगारदार आसा.”

सोमवारी मी नऊला कारखान्यात गेले ते टेबलातला डबा आणि चष्म्याची पेटी आणायला. दळवीसाहेबांच्या केबिनमध्ये मिलिंद बसलेला. पेनं खिशात, सेफ्टीपिन कानात.

“अजून तीनशे पाहिजेत,” तो सांगत होता. “पण सुरुवातीला ताईंचा आवाज पाहिजेच. नसला तर पोरं घेणार नाहीत.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे बघून अगदी उतरलेल्या आवाजात म्हणाले, “बस, सुलभा. चहा घेणार?”

त्या तीनशेंसाठी मी नव्याने आवाज भरला. घरी तालीम केली, साडीही चांगली नेसून आले. पोरांना तो आवडला नाही. “पहिल्या भरतीत बाई खरंच चिडलेली आहे, ह्यात लाजतेय,” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पहिल्या दोनशे दुर्मिळ झाल्या. त्या कुणाकडे आहेत, कुणाची कुणी ढापली, यावरून मुलुंडच्या दोन जिवलग मित्रांनी बोलणं टाकलं, असं मिलिंदने मला सांगितलं. भजनांचा व्यापारी आला, त्याला यातलं काही कळलं नाही, आणि आमचे देव पूर्वीसारखे चिमण्यांच्या आवाजात गात राहिले.

आता दुसऱ्या कॅसेटीबद्दल सांगायला हवं. ते सांगताना मला अजूनही कानकोंडं होतं, कारण ती मी बिघडवली.

मिलिंद मला मानायला लागला होता. एकदा तो मामेभावाने आणलेली ती मूळ कॅसेट दाखवायला घेऊन आला, अगदी रुमालात बांधून. मी ती लावली, दहा सेकंद ऐकली, बाहेर काढली आणि उजेडात धरली. टेप एका कडेने चुरगळली होती आणि सगळीकडे ताणलेली.

“मिलिंद, ही कुठल्या तरी मशिनमध्ये अडकून खेचली गेली आहे रे. म्हणून सूर डुलतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे हे लोक असं गात नाहीत.”

तो स्टुलावर बसला. “ते सुरात गातात?”

“बऱ्यापैकी.”

दोन वर्षं घासून घासून त्याने तो डुलणारा सूर गळ्यावर चढवला होता. मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तपासनिसाचा. मी त्याला धीर दिला, वर सुचवलंही की थोडं सुरावर काम केलं तर काय हरकत आहे. त्याने ते मनावर घेतलं. मुलुंडला एका बाईंकडे पेटी शिकायला जाऊ लागला. माझी यादी भिंतीला लावून एकेक दोष खोडत गेला. भावांनी राहिलेली तार आणून लावली. जनूला गाणं संपलं की थांबायला शिकवलं, त्यासाठी एक भाऊ त्याच्या पायावर पाय देऊन उभा राहायचा. शिंकेचा बंदोबस्त म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

ती दुसरी कॅसेट माझ्याकडे आली. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. एकही दोष नाही. मी ‘योग्य’चा शिक्का मारला तेव्हा चौघेही समोर उभे होते आणि शाळेत पास झाल्यासारखे हसत होते. मलाही भरून आलं.

पंधरा दिवसांनी मिलिंद आला, एकटाच.

“काय झालं रे?”

“पोरांनी ऐकली, ताई.”

“मग?”

“म्हणाली, छान आहे.” त्याने कानातली सेफ्टीपिन काढून टेबलावर ठेवली. “छान म्हणाली हो.”

पहिल्या कॅसेटीवर पोरांनी खुर्च्या मोडल्या होत्या. दुसरी एका मुलीच्या आजीने मागून नेली, दुपारी झोप लागते म्हणून. माझे कान चुकले नव्हते, एकही दोष खोटा नव्हता. पण मी चार चांगल्या पोरांना सुरात बसवलं आणि त्यांचं तोंड बंद केलं, हे काही मी विसरू शकले नाही.

तरी त्यांनी जिद्द सोडली नाही. तिसऱ्या वेळी मला न विचारता, पेटी विसरून, सगळं पहिल्यासारखं करायचं ठरवलं. जनूचं घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात. त्याच्या घरातल्या टेपरेकॉर्डरवर त्यांनी आठवडाभर खपून तिसरी कॅसेट भरली. एकच प्रत. आणि ती प्रत टेपरेकॉर्डरमध्येच ठेवून चौघे मासे खायला बसले.

जनूची आई हिराबाय मासळी विकायची. ‘बोंब’ म्हणजे बोंबील असं तिला पहिल्यापासून वाटत होतं आणि मुलगा धंद्यातलंच काही तरी करतोय म्हणून तिची तक्रार नव्हती. तिने रेडिओ लावायला म्हणून टेपरेकॉर्डरची लाल कळ दाबली. रेडिओ काही लागला नाही. तेवढ्यात बाहेर शेजारच्या पारूबायने हिराबायच्या दोरीवर आपले बोंबील वाळत घातलेले तिला दिसले, आणि ती तशीच दारात गेली.

दुसऱ्या दिवशी चौघे माझ्या टेबलापुढे उभे, डोळे लाल. “ताई, ह्याच्यावर भरलं गेलंय. खालचं परत काढता येईल?”

नाही येत. कॅसेटीवर नवीन आवाज भरला की यंत्र आधीचा पुसत जातं, खाली काही उरत नाही. मी त्यांना ते समजावलं आणि निदान काय भरलंय ते बघू म्हणून कॅसेट स्पीकरवर लावली.

हिराबायने सुरुवात केली. एक, दोन, तीन वगैरे काही नाही. पहिल्याच शब्दाला ती वरच्या पट्टीत होती आणि बावीस मिनिटं तिथून खाली आली नाही. पारूबायचे बोंबील, पारूबायची होडी, पारूबायच्या होडीचा रंग, तो रंग पसंत करणारा पारूबायचा नवरा, असं ती पायरी पायरीने चढत गेली. मध्येच पारूबाय तोडीस तोड उत्तर देत होती. श्वास कोण कधी घेत होतं ते माझ्या कानांनाही सापडलं नाही. कावळे आधी ओरडत होते, चौथ्या मिनिटाला तेही गप्प झाले.

कॅसेट थांबली. गाळ्यातल्या सगळ्या बायका काम सोडून भोवती गोळा झाल्या होत्या. मग बोरिवलीच्या भावांपैकी थोरल्याने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर तोंड उघडलं.

“झकास,” तो म्हणाला.

मिलिंदने स्पीकरकडे बोट दाखवलं. “आपण काय झक मारत होतो रे इतके दिवस?” त्याने जनूला विचारलं. जनू म्हणाला, “मी तर हे रोज ऐकतो.”

‘बोंब’ तिथेच संपली. भांडण नाही, रुसवा नाही. हे ऐकल्यावर पुन्हा माइकसमोर उभं राहायची हिंमत मिलिंदला झाली नाही, एवढंच. पुढे त्याने स्वतःचा टायपिंगचा क्लास काढला, भाऊ बोरिवलीत शांतपणे राहिले, जनू होडीवर गेला. पण जाण्याआधी चौघांनी ठरवलं की तिसरी कॅसेट निघणार आणि ती हीच.

हिराबायची परवानगी घ्यायला आम्ही तिलाच कारखान्यात आणलं. तिने स्वतःचा आवाज हेडफोनवर ऐकला, मान डोलावली आणि म्हणाली, “कारा कॅसेट. पन त्या पारूचा आवाज नको. माझाच ठेवा.”

मी दोन दिवस ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन बसले आणि टेपमधून पारूबाय कापून काढली. उरली ती हिराबाय, एकटी, समोर कुणी नसताना भांडणारी. आधीपेक्षाही भयंकर वाजत होती. तेरा मिनिटं झाली. त्याच्या शंभर प्रती आम्ही भरल्या, एका बाजूला हिराबाय, दुसरी बाजू कोरी, आणि त्या वर्सोव्यात वाटल्या गेल्या. घराघरांतून एकाच वेळी हिराबाय ऐकू यायची म्हणे.

आठवड्याने दुपारी कारखान्याच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. कडक इस्त्रीचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, अंगावर घरातलं होतं नव्हतं तेवढं सोनं, दोन्ही हात कमरेवर. शिंदेकाकांनी मशिन बंद केली. दळवीसाहेब केबिनमधून बाहेर आले आणि पुन्हा आत गेले.

“कॅसेट हितंच भरतात?” तिने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “आपण?”

“मी पारू. तिची दुसरी बाजू कोरी हाय ना?”

मी माइक लावला, खुर्ची दिली. पारूबाय बसली नाही. पदर खोचला, घसा खाकरला, आणि लाल कळेवर ठेवलेल्या माझ्या बोटाकडे बघत म्हणाली, “किती वेल मावतंय ह्यात?”

“तीस मिनिटं.”

“तीस?” तिने मागे वळून गाळ्यातल्या सगळ्या बायकांकडे बघितलं. “तेवऱ्यात तं माझा गलाच तापतंय. अजून दोन कॅसेटी आन.”